एक तारखेच्या तोंडावर फोन बदलू नका

सांगलीत विश्रामबागला माझी घरगुती खानावळ आहे. रोजचे बेचाळीस डबे जातात, त्यातले निम्मे कॉलेजच्या पोरांचे. ऑर्डरी, हिशोब, पैसे घेणं-देणं, गॅसचा नंबर लावणं, सगळं एका फोनवर. तो फोन पाच वर्षांचा झाला होता. बॅटरी दुपारी बारालाच मान टाकायची आणि रोज काहीतरी पुसल्याशिवाय नवा फोटो निघायचा नाही. म्हणून ऑनलाइन नवा मागवला. फोन चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. मी तो चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या क्रमानं सुरू केला, आणि ऐन महिनाअखेरीला माझे व्यवहार दोन दिवस अडकून बसले. आता कुणी विचारलं की मी पहिलं हेच विचारते, तारीख काय आहे? माझ्याकडं महिन्याचे पैसे एक ते पाच तारखेत येतात आणि किराणा, गॅस, दोन बायकांचा पगार त्याच दिवसांत जातो. त्या आठवड्यात फोनला हात लावायचा नाही. पगारदार माणसानंही हप्ता ज्या दिवशी कापला जातो त्याच्या मागं-पुढं दोन दिवस सोडून मुहूर्त काढावा.

कोणता फोन घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. बटण दाबायच्या आधी तीन गोष्टी मात्र बघा. साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नको. मेमरी कार्डाला जागा आहे का, कारण हल्ली पुष्कळ फोनांत ती नसतेच, किंवा दुसऱ्या सिमच्या जागीच कार्ड बसतं आणि दोन्हीतलं एक निवडावं लागतं. आणि पेटीत चार्जर येतो का. नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणतात ते हप्ते, घेणार असाल तर व्याजाइतकी सूट मिळते हे खरं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते. रक्कम फार नसते, पण नंतर स्टेटमेंट बघून चिडण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

जुना फोन बदल्यात देण्याची जी सोय असते, तिथं मी पाच मिनिटं थांबून विचार केला आणि ती नाकारली. माझ्या फोनला १८०० रुपये दाखवत होते. पण त्यात एक गंमत आहे. कुरिअरवाला नवा फोन देतो आणि त्याच दारात, त्याच वेळी जुना घेऊन जातो. जुना आधीच पुसलेला, लॉक काढलेला, गूगल खात्यातून बाहेर आलेला लागतो. आणि नवा फोन ताब्यात घेण्याचा ओटीपी येतो कुठं? त्याच जुन्या फोनवर! म्हणजे त्यातलं सिम काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनात घालायचं, जुना पुसून त्याच्या हातात द्यायचा, आणि मग नव्यात काय काय उतरलं नाही ते बघत बसायचं. घरात तिसरा फोन असेल आणि सगळ्याचा बॅकअप आधीच घेतलेला असेल तर द्या बापडे. नाहीतर जुना फोन निदान आठ दिवस घरात राहू द्या. १८०० रुपयांत तेवढी निवांत झोप स्वस्त आहे.

ऑर्डर दिल्यावर फोन यायला दोन-तीन दिवस जातात. खरं काम त्या दिवसांत करायचं. मी केलं नाही.

सगळ्यात आधी सिम. जुन्या फोनातून बाहेर काढून उजेडात बघा. सोनेरी चिपवर ओरखडे असतील, कडेला तडा असेल, किंवा जुनं मोठं सिम कुणी कटरनं कापून लहान केलेलं असेल, तर ते नव्या फोनात चालेलच असं नाही. नव्या फोनांना सगळ्यात लहान, नॅनो सिम लागतं, आणि खाच इतकी मापाची असते की जरा कंगोरा राहिला तरी ट्रे अडकतो. फाइव्ह-जीसाठी मात्र सिम बदलायची धावपळ करू नका. जिओ आणि एअरटेलचं फोर-जी सिम असेल तर त्याच सिमवर फाइव्ह-जी चालतं. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कात जाऊन फाइव्ह-जी निवडलेलं आहे ना तेवढं बघायचं.

सिम बदलावं लागणारच असेल तर फोन यायच्या चार-पाच दिवस आधी बदला. का, ते माझ्यावर गुदरलं ते ऐका.

शनिवारी दुपारी चारला फोन आला. साडेपाचला मी उत्साहानं सिम काढून त्यात घातलं. ‘सिम नाही.’ काढलं, पदरानं पुसलं, परत घातलं. ‘सिम नाही.’ जुन्यात घातलं तर तिथंही आता कधी दिसे, कधी गायब. सातला कंपनीच्या दुकानात गेले. तिथं कळलं की सिम आमच्या यांच्या नावावर आहे. पंधरा वर्षं नंबर मी वापरतेय, पण कागदावर त्यांचा. अंगठा त्यांचाच लागणार. हे कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. सुपरवायझरच्या हातापाया पडून ते तासाभरासाठी आले, आधार, अंगठा, फोटो झाला, आणि रात्री नऊच्या सुमाराला नवं सिम चालू झालं. फोन लागले, नेट आलं. मी खूश. घरी येऊन पैशांचं अॅप उघडलं, त्यानं बँकेला एसएमएस पाठवायचा प्रयत्न केला आणि गेलाच नाही. दहा वेळा केलं. रिचार्ज बघितला, आहे. मग व्हॉट्सअॅपचा ओटीपी, तोही येईना.

भानगड अशी आहे की सिम बदललं की त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद ठेवतात, येणारे आणि जाणारे दोन्ही. दूरसंचार खात्याचाच तसा आदेश आहे, २०२२ पासून. चोर लोक दुसऱ्याच्या नावानं नवं सिम काढून ओटीपी पळवायचे आणि खातं धुऊन न्यायचे. मधल्या एका दिवसात खऱ्या मालकाला आपला फोन मेलाय हे कळावं म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे. पण दुकानातल्या पोरानं एका वाक्यात सांगितलं असतं तर मी निदान शेजारणीकडून रोख घेऊन ठेवली असती.

रविवारी रात्री नऊनंतर एसएमएस सुरू झाले, यूपीआय सुरू झालं. सोमवारी सकाळी गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला किराण्याचे ८४०० पाठवायला गेले तर नकार. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास साधारण ५००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. आणखी एक दिवस गेला. १९ किलोच्या दोन टाक्यांचे पैसे मी त्या दिवशी एटीएममधून काढून दिले. कार्ड आणि त्याचा पिन यांचा सिमशी संबंध नसतो, म्हणून तेवढी वाट उघडी होती.

या सगळ्यात मजा म्हणजे ओट्याजवळ ठेवलेली ती पैसे मिळाल्याचं बोलणारी पेटी. ती आपली दर थोड्या वेळानं ‘दोन हजार सहाशे रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडतच होती. क्यूआर कोड थेट बँकेच्या खात्याला जोडलेला असतो आणि पेटीचं स्वतःचं वेगळं सिम असतं, त्यामुळं माझा फोन बंद असला तरी पैसे येणं थांबत नाही. येतायत ते कानाला कळतंय, पण कुणाचे ते दिसत नाही आणि द्यायला एक रुपया हलत नाही. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागं पेन्सिलनं आकडे लिहून ठेवले आणि नंतर ताळा केला.

तर तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे ते आज बघून ठेवा. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनच्या आतलंच सिम, करून घेणार असाल तर तेही सिम बदलणंच आहे, त्यालाही हाच हिशोब लावा. आणि फोन बदलायच्या दिवशी घरात दोन दिवसांपुरती रोख असू द्या.

आता बाकीची आधीची तयारी. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का? फोन पाच वर्षं आपोआप उघडतो, त्यामुळं कुणालाच आठवत नाही. जुना फोन हातात असतानाच दुसऱ्या कुठल्या तरी फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्या खात्यात शिरून बघा. नाही जमलं तर तेव्हाच बदला, कारण ‘तुम्हीच आहात का’ हा प्रश्न जुन्याच फोनवर येतो.

मग नंबर. कॉन्टॅक्ट सेव्ह करताना ते सिमवर जातात, फोनमध्ये जातात की गूगलमध्ये, हे आपण बघत नाही. माझ्याकडं तिन्हीकडं विखुरले होते. सिमवर थोडेच मावतात आणि लांब नाव तुटतं. माझ्याकडं तर नावंच अशी: ‘अभयनगर तिसरा मजला कांदा नको’, ‘वसतिगृह भाकरी दोन जास्त’. सिमवर गेल्यावर याचं ‘अभयनगर तिस’ एवढंच उरलं होतं, आणि तसली चार गिऱ्हाइकं आहेत. कांदा कुणाला नको ते मला पाठ होतं म्हणून निभावलं. कॉन्टॅक्टच्या अॅपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन सगळे नंबर गूगल खात्यात हलवा आणि नवा नंबर सेव्ह करायची जागाही तीच ठरवून ठेवा.

व्हॉट्सअॅपचा बॅकअप मला सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि धंद्यामुळं नव्हे. आत्याबाईंनी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मला कांदा-लसूण मसाल्याचं माप आवाजात सांगून ठेवलंय. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं कितपत काळं करायचं. मागं मिक्सर चालू आहे, मधेच त्या कुणाला तरी ‘दार लाव गं’ म्हणतात. दोन मिनिटं अकरा सेकंद. ते माप मी वहीत उतरवलंय, पण वहीत दार लावायला सांगणाऱ्या आत्याबाई नाहीत.

बॅकअपचे दोन रस्ते आहेत. एक गूगल ड्राइव्हचा: व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप. पण आता हा बॅकअप तुमच्या फुकटच्या १५ जीबीत धरला जातो, आणि त्याच १५ जीबीत फोटो आणि ईमेलही असतात. जागा भरली असेल तर बॅकअप गुपचूप अडकतो. म्हणून खाली शेवटच्या बॅकअपची तारीख दिसते ती वाचा. माझी सात महिन्यांपूर्वीची होती. दुसरा रस्ता मला जास्त आवडला. २०२३ पासून व्हॉट्सअॅपमध्येच चॅट एका फोनातून दुसऱ्यात थेट हलवायची सोय आहे. दोन्ही अँड्रॉइड फोन शेजारी ठेवायचे, वायफाय आणि ब्लूटूथ चालू, जुन्यात सेटिंगमधून चॅट ट्रान्सफर उघडायचं आणि नव्या फोनवरचा क्यूआर त्यानं टिपायचा. मधे गूगलची जागा लागत नाही. तुम्ही बिझनेसचं व्हॉट्सअॅप वापरत असाल तर नव्या फोनातही बिझनेसचंच उतरवा. साधं टाकलं तर मेन्यूची यादी आणि गिऱ्हाइकांना लावलेली लेबलं गमावून बसाल. आणि काही झालं तरी नव्यात सगळं आलंय हे डोळ्यांनी बघेपर्यंत जुन्यातलं काढू नका. मी पहिली गोष्ट आत्याबाईंचा आवाज लावून बघितली. मग मेन्यू.

फोन येतो त्या दिवशी. उघडून दाखवून देण्याची सोय असेल तर तीच निवडा: पोरगा दारात पेटी फोडतो, तुम्ही फोन चालू करून बघायचा आणि मगच ओटीपी सांगायचा. ओटीपी दिला म्हणजे सही केली. ही सोय नसेल तर पेटी घरात उघडताना कुणाला तरी व्हिडिओ काढायला लावा, सील फोडण्याआधीपासून, पत्त्याच्या चिठ्ठीसकट, मधे न थांबवता. माझा व्हिडिओ डब्याच्या पोरानं काढला, त्यात अर्धा वेळ कुकरच्या शिट्ट्या आहेत, पण चालतो. फोन हातात येण्याआधी कुणी फोन करून ‘तुमचं पार्सल अडकलंय, ओटीपी सांगा’ म्हणालं तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच तर ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी १९३० नंबरवर लगेच कळवायचं, हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

मग *#०६# लावा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. हेच आकडे पेटीवर आणि बिलावर आहेत का ते चष्मा लावून ताडून बघा. फोन खरा आहे का याची आणखी खात्री हवी तर इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. कंपनी आणि मॉडेलचं नाव उलट येतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी या साइटवरही हेच बघता येतं. बिलाची प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा, वॉरंटी त्यावरच मिळते.

‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा जुन्या बॅटऱ्यांचा सल्ला आहे, सोडून द्या. फोन थोडा भरलेलाच येतो. चालू केला की पहिल्याच पडद्यावर भाषा विचारतो, तिथं मराठी आहे. खाली सरकवत जायचा कंटाळा करू नका. मग वायफाय, मग ‘जुन्या फोनातलं आणायचं का’ असं विचारतो, तिथं हो. सिम अजून जुन्यातच राहू द्या, कारण गूगलचे ओटीपी आणि ‘तुम्हीच का’ तिथंच येणार. वायर असेल तर वायरनं जोडा, वायफायपेक्षा लवकर होतं. माझा ६४ जीबीचा काठोकाठ भरलेला फोन उतरायला दीड तास लागला. तेवढ्यात चपात्या झाल्या. मधे तो पाच-दहा फुकटची अॅप, लॉक पडद्यावरच्या बातम्या, जाहिराती असलं काय काय देऊ करतो; ‘वगळा’ दाबत जा, घाईत ‘हो’ दाबलं की नंतर रोज सकाळी कुठल्या तरी नटीचं तोंड बघत फोन उघडावा लागतो.

बोटाच्या ठशाबद्दल एक सांगते, कारण हे कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. माझ्या अंगठ्यावर भाजल्याचे डाग आहेत आणि दिवसभर हात कणकेत नाहीतर पाण्यात. सकाळी नोंदवलेला ठसा संध्याकाळी ओळखू येईना. मग रात्री सगळं आवरल्यावर, हात कोरडे करून, तोच उजवा अंगठा दोनदा, दोन वेगवेगळी बोटं म्हणून नोंदवला. डावी करंगळी तिसरी, कारण ती कणकेत सगळ्यात कमी बुडते. आता दहातले आठ वेळा उघडतो.

सगळं उतरलं की दोन्ही फोन बंद करून सिम हलवा. पेटीतली पिन त्या बारीक भोकात सरळ दाबायची, तिरकी नाही, आणि शेजारी दिसणारं आणखी बारीक भोक माइकचं असतं, त्यात घालू नका. सिम चालू झालं, एक फोन करून बघितला, एक फोन घेतला, एक एसएमएस पाठवून बघितला, की मग व्हॉट्सअॅप, आणि सगळ्यात शेवटी बँक.

बँकेची आणि यूपीआयची अॅप कॉपी होऊन दिसतात, पण आतून रिकामी असतात. प्रत्येक नव्यानं सुरू करावं लागतं. खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम त्याच फोनात हवं, त्यावर रिचार्ज चालू हवा, आणि दोन सिम असतील तर अॅप विचारतं तेव्हा बरोबर सिम निवडायचं. निम्मी माणसं इथंच चुकतात. अॅप स्वतःच एक एसएमएस पाठवतं, त्या वेळी वायफाय थोडा वेळ बंद ठेवलात तर बरं. यूपीआयचा पिन जुनाच चालतो. विसरला असाल तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत घालून नवा करता येतो. आणि पहिला व्यवहार एक रुपयाचा, घरातल्याच कुणाला तरी.

जुना फोन मी आठ दिवस ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवला. त्या आठ दिवसांत तीन गोष्टी सापडल्या, ज्या नव्यात आल्या नव्हत्या: फोनवरच्या संभाषणाची रेकॉर्डिंग, गॅस एजन्सीच्या पावत्यांचं एक फोल्डर, आणि आवाज रेकॉर्ड करायच्या अॅपमधली दोन भजनं. तीही हलवली. मग मेमरी कार्ड काढलं, आधी सेटिंगमधून गूगल खातं काढलं आणि मगच फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करणं. हा क्रम उलटा झाला तर पुढच्या माणसाला फोन तुमचा पासवर्ड मागत बसू शकतो. फोन डब्याच्या पोराला दिला. त्यानं तिथंच चालू केला, पहिल्या पडद्यावर भाषा आली, आणि त्यानं इंग्रजी निवडली. मी म्हटलं, अरे, खाली बघ की. तर म्हणतो, काकी, खाली गेलो तर डबे थंड होतील.